सूर्याला आत आणणारे मूर्ती

‘कागज के फूल’मधला तो झोत आठवतो? ओसाड पडलेला स्टुडिओ, वरून तिरका उतरलेला जाडजूड प्रकाश, त्यात समोरासमोर उभे गुरुदत्त आणि वहिदा रहमान, पार्श्वभूमीला गीता दत्तचा आवाज. बघताना वाटतं, वर कुठेतरी दणकट दिवा टांगला असणार. पण तो दिवा नव्हताच. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, बंद भिंतींच्या आत, कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी खरोखरचं ऊन आणलं होतं. दोन मोठे आरसे घेतले. एक बाहेर उन्हात उभा केला, दुसरा आत उंचावर. पहिल्यानं ऊन दुसऱ्यावर टाकलं, दुसऱ्यानं ते खाली फरशीवर सोडलं.

एवढा खटाटोप कशासाठी? दिव्याचा उजेड जवळून निघतो, त्यामुळे तो पसरत जातो. खाली पोचेपर्यंत झोताच्या कडा विरतात. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. तिथून येणारे किरण जवळजवळ समांतरच असतात, फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. म्हणजे आरशापासून वीस मीटर गेल्यावरही झोत वीतभरसुद्धा फाकत नाही. पडद्यावर त्या झोताची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते ती यामुळे. अर्थात नुसता प्रकाश डोळ्यांना बाजूनं दिसतच नाही. हवेतल्या धुळीच्या, धुराच्या कणांवरून तो उधळला, तरच त्याला आकार येतो.

आणि सूर्य काही कुणासाठी थांबत नाही. चार मिनिटांत तो आकाशात एक अंश सरकतो. आरसा जागचा हलवला नाही, तर वीस मीटरवर झोत फूटभर बाजूला गेलेला असतो. कलाकार तिथेच आणि ऊन भलतीकडे! सारखा आरसा फिरवत राहायचं, तेही बेतानं, कारण आरसा एक अंश फिरला की झोत दोन अंश फिरतो.

हे सगळं 1959च्या चित्रपटात, तेही सिनेमास्कोपमध्ये. भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सिनेमास्कोपची खास भिंगं रुंद दृश्य आडवं दाबून साध्या फिल्मवर बसवतात आणि प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा उलगडतं. एवढ्या लांबरुंद चौकटीत मूर्तींनी बराचसा भाग चक्क काळोखाला देऊन टाकला. माझ्या मते खरी हिंमत इथे आहे. चित्रपट तिकीटबारीवर साफ आपटला. मूर्तींना मात्र फिल्मफेअर मिळालं.

काळोख वापरण्याचं त्यांचं कसब ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये (1962) आणखी धारदार झालं. मिनू मुमताजच्या नाचात एकदा फक्त मागच्या नर्तकींकडे बघा. मिनू लख्ख उजेडात आणि बाकीच्यांचे चेहरे सावलीत. सगळ्या एकाच ठिकाणी नाचताहेत, तरी उजेड एकटीच्याच वाट्याला. याही छायालेखनाला फिल्मफेअर.

मूर्ती म्हैसूरचे, जन्म 1923चा. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, व्हायोलिन वाजवायचे, बंगळुरूच्या पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकले आणि मुंबईत फली मिस्त्रींच्या हाताखाली तयार झाले. ‘बाजी’च्या (1951) वेळी ते साहाय्यक होते. एक अवघड शॉट त्यांनी सुचवला आणि स्वतःच घेऊन दाखवला. दिग्दर्शक गुरुदत्तनी लगेच पुढचा ‘जाल’ त्यांच्याकडे सोपवला आणि मग ही जोडी सुटली नाही. 2008चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला; हा मान मिळवणारे ते पहिलेच कॅमेरामन. तोवर नव्वदी जवळ आली होती. 2014च्या एप्रिलमध्ये बंगळुरूत ते गेले.

त्यांच्या हाताखाली घडलेले गोविंद निहलानी 1971 साली मराठीत आले, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा कॅमेरा घेऊन. पुढे निहलानी दिग्दर्शक झाले, ‘तमस’ करायला घेतलं, तेव्हा छायालेखनात सोबतीला मूर्तीच होते. गुरू शिष्याच्या सेटवर कामाला!