०.०८ सेकंद मोजतात कसे? फोनचा स्टॉपवॉच का पुरत नाही?

कर्जत लोकल दोन मिनिटं लेट असली तरी आपण ‘वेळेवर आली’ म्हणतो. बॅकस्ट्रोकमध्ये मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही हिशेब होतो. जून २०२१ मध्ये बंगळुरूचा श्रीहरी नटराज रोममध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पोहला. टोकियो ऑलिंपिकच्या थेट प्रवेशाची मर्यादा होती ५३.८५. म्हणजे फरक फक्त ०.०८ सेकंद! त्याच्या वेगाने एवढ्या वेळात अंतर होतं साधारण १५ सेंटीमीटर, वीतभरही नाही.

मग मोजतात कसं? स्टार्टच्या सिग्नललाच घड्याळ सुरू होतं. शेवटच्या भिंतीवर टचपॅड असतो. लाटांनी तो दबत नाही, हाताने दाबला की घड्याळ आपोआप थांबतं. उताणं पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून ५ मीटर आधी डोक्यावर झेंड्यांची माळ असते. ती दिसली की हात मोजायचे.

शतांश तर फोनच्या स्टॉपवॉचवरही दिसतात की! पण बटण तुमचा अंगठा दाबतो आणि डोळ्यांनी पाहून अंगठा हलेपर्यंतच साधारण ०.२ सेकंद जातात. श्रीहरीचा फरक त्यातच बुडाला असता.

कर्जत-खालापुरात मित्रांची रेस लावाल, तर तिघांनी वेळ घ्या आणि मधली धरा. हाताने वेळ घेताना स्पर्धेतही तसंच करतात.