विस्मरणाचं विज्ञान (भाग ६) : मेडेयीनची भावकी

मागच्या भागात आपण लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधापाशी थांबलो होतो. या औषधाने मेंदूतला अमायलॉइड या प्रथिनाचा साठा बराचसा उपसून काढला. पण १८ महिन्यांच्या चाचणीत, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत रुग्णांची घसरण मंदावली ती २७ टक्क्यांनीच. थांबली नाहीच. मग अमायलॉइड साचण्यापासून स्मृती जाण्यापर्यंत मध्ये काय घडतं? या प्रश्नावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा धागा कोलंबियातल्या एका भावकीने दिला आहे.

आंतिओकिया प्रांतातल्या डोंगराळ गावांत काही घरांतली माणसं पंचेचाळिशीतच विसरायला लागत आणि पन्नाशीच्या सुमारास पोटच्या पोरांनाही ओळखेनाशी होत. कुणी म्हणे पाद्र्याचा शाप, कुणी म्हणे अमुक झाडाला हात लावला. मेडेयीनचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा १९८० च्या दशकात या घरांच्या मागे लागले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये वंशावळीच्या वह्या राखतात, तशा तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी होत्या. त्या जुळवत ते अठराव्या शतकापर्यंत मागे गेले. अमली पदार्थांच्या टोळ्यांचा आणि बंडखोरांचा तो काळ. अशा दिवसांत गावोगाव जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि शोक करणाऱ्या घराकडे मृताचा मेंदू मागायचा, हे काम किती अवघड असेल!

या सुमारे ६,००० जणांच्या भावकीत जवळपास १,२०० जणांमध्ये प्रिसेनिलिन-१ या जनुकातला एकच दोष आहे. या जनुकापासून बनणारं प्रथिन हा अमायलॉइडचं मूळ प्रथिन कापणाऱ्या विकराचा भाग. दोषामुळे काप चुकतो आणि ४२ दुव्यांचे चिकट तुकडे जास्त निघतात. दोष वारशाने आला की अल्झायमर ठरलेलाच, असं मानलं जाई.

ते खोटं ठरवलं एका बाईने. दोष असूनही तिची स्मृती सत्तरी ओलांडेपर्यंत शाबूत होती. स्कॅनमध्ये अमायलॉइड तर भरमसाट दिसलं. टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा गुंता मात्र फारच थोडा होता. तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ बदल सापडला. पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात; टाऊला पेशीत शिरायला त्यांची मदत होते. हा बदल झालेलं एपीओई प्रथिन या साखळ्यांना नीट चिकटत नाही, आणि टाऊचा फैलाव त्यामुळेच रोखला गेला असावा, असा २०१९ च्या शोधनिबंधाचा कयास होता.

एका बाईवरून सिद्धांत उभा राहत नाही, ही शंका रास्तच. पण २०२४ मध्ये याच भावकीतल्या, दोषाबरोबर क्राइस्टचर्च बदलाची एकच प्रत असलेल्या २७ जणांची माहिती आली. दोष असलेल्या इतरांमध्ये ४७ व्या वर्षी दिसणारी सुरुवातीची लक्षणं त्यांच्यात साधारण ५२ व्या वर्षी दिसली. चाळिशी-पन्नाशीत घर ओढणाऱ्या माणसाच्या हिशेबात ही पाच वर्षं फार मोठी आहेत.

या बदलाची नक्कल करणारं प्रतिपिंड शास्त्रज्ञांनी बनवून उंदरांवर तपासलं आहे. भावकीच्या पदरात मात्र अजून औषध पडलेलं नाही: त्यांच्यावरच झालेली क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी २०२२ मध्ये अपयशी ठरली. लोपेरा सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. टाऊलाच थेट लक्ष्य करणाऱ्या औषधांबद्दल पुढच्या आठवड्यात.