हाताची घडी, तोंडावर बोट

‘बायको म्हणजे नवऱ्याचा उजवा हात’ हे वाक्य मी समारंभांत पुष्कळदा ऐकले आहे, आणि खोटे कशाला बोला, एकदोनदा भाषणात वापरलेही आहे. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षीच्या आषाढात कळला. आमच्या सौभाग्यवतींचा उजवा हात मोडला तेव्हा.

निमित्त अगदी क्षुल्लक. पावसाची सर येऊन गेलेली, जिन्याच्या तोंडाशी शहाबादी फरशी ओली आणि सौ.च्या हातात भाजीची पिशवी. पाय घसरला, आणि पडताना कोणीही करतो तेच तिने केले. हात पुढे टेकला. मी धावत खाली गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, मनगट वाकडे झालेले. मला पाहताच म्हणाली, “आधी मेथी उचला, चिखलात पडलीय.”

शेजारच्या काकू अनुभवी. त्या म्हणाल्या, “सूज चढायच्या आत बांगड्या काढा.” साबण लावून दोन निघाल्या, उरलेल्या चार निघेनात. मी अडकित्ता आणला आणि म्हणालो, “थांब, फोडतो.” वेदनेने पांढरीफटक पडलेली सौ. एकदम ताठ झाली. “अहो, फोडतो काय? वाढवतो म्हणा!”

वाचकहो, नारळ वाढवणे, बांगड्या वाढवणे, ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणणे, या अशुभ टाळणाऱ्या शब्दांवर मी दर वर्षी वर्गात एक तास बोलतो. पण असे शब्द माणसे का जपतात, हे मला त्या संध्याकाळी समजले. रुमालाची घडी खाली सरकवून मी त्या चार बांगड्या वाढवल्या, तेव्हा माझे हात तिच्यापेक्षा जास्त थरथरत होते.

एक्स-रेत दिसले की अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाशी मोडून त्याचा तुकडा सांध्यात सरकला आहे. नुसत्या प्लॅस्टरने भागणार नव्हते. धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागणार होते. या जागेच्या मोडीचे वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलिस या शल्यवैद्याने 1814 साली केले. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. म्हणजे आतले काही दिसत नसताना, बाहेरून चाचपून त्याने हे ओळखले! मी हे मोठ्या कौतुकाने सौ.ला सांगू लागलो. पण तिचे लक्ष डॉक्टरांकडे होते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि तिच्या फळ्यावरच्या अक्षराचे सगळ्या शाळेत नाव आहे. तिने एकच विचारले, “मला फळ्यावर लिहिता येईल ना?”

डॉक्टर म्हणाले, “हाड जोडणं माझं काम. हात चालवणं तुमचं.”

शस्त्रक्रियेच्या सकाळी संमतिपत्रावर तिने डाव्या हाताने सही केली; पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी. मंगळसूत्र माझ्या हातात दिले आणि ती आत गेली. पुढचा दीड तास मी बाकावर बसून होतो. मूठ मी एकदाही उघडली नाही. बाहेर आली तेव्हा हात इंजेक्शनने बधिर होता. त्याकडे पाहून हसत म्हणाली, “हा कुणाचा हात घेऊन आलो आपण?” तो हात रात्री उशांवर उंच ठेवायचा, सूज उतरावी म्हणून.

आणि मग माझी सेवा सुरू झाली. मी वेणी घालायला शिकलो. निऱ्यांना पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी त्या सुटल्या नाहीत. भाकरी मात्र शेवटपर्यंत नकाशासारखीच राहिली. तिने पाण्याच्या भांड्याकडे पाहिले की भांडे मी तिच्या ओठांशी नेई. समाचाराला येणाऱ्या बायका म्हणत, “नशीब काढलंस हो!” सौ. काही बोलत नसे. मी तो नम्रपणा समजलो.

टाके काढले त्या दिवशी तिची मूठ मिटेना. बोटे लाकडासारखी ताठ. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने विचारले, “घरी बोटं हलवत नाही का?” सौ. शांतपणे म्हणाली, “हे हलवू देत नाहीत.”

ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची पोर. पण माझी चांगली शिकवणी घेतली तिने. “काका, पट्टी बसवतात ती हात लवकर हलवता यावा म्हणूनच. वजन उचलायचं नाही. पण बोटं दिवसभर चालली पाहिजेत.” पुढे वाचले, तर 1958 साली स्वित्झर्लंडच्या काही शल्यवैद्यांनी एकत्र येऊन जो आग्रह धरला तो हाच: हाड इतके पक्के बसवा की सांधा लगेच हलवता येईल. आणि आपला सुश्रुत? तळहात मोडलेल्या माणसाने आधी शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा, आणि बळ आल्यावर दगड, असे त्याने केव्हाच सांगून ठेवले आहे. नवऱ्याने तो गोळा धरावा, असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

कळले, पण वळले नाही. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी हलकी कामे करायला परवानगी दिली, तेव्हा तिने पहिल्यांदा परात पुढे ओढली. कणकेचा लहानसा गोळा घेऊन दाबू लागली. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मला पाहवेना. मी परात ओढून घेतली.

“ठेवा ती खाली,” ती म्हणाली. एकोणीस वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. “हात माझा मोडलाय. तुमच्या हातांनी तो बरा कसा होईल?” मग जरा वेळाने, हळूच, “दुखण्याची भीती नाही वाटत मला. माझ्यावाचून सगळं चालतंय, रोज बघते ना, त्याची वाटते.”

मी परात खाली ठेवली. त्या दिवशीची पोळी जाड होती आणि कच्चीही होती. आम्ही दोघांनी ती खाल्ली.

पुढे ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच ओळ लिहून तिला थांबावे लागले, आणि उरलेल्या ओळी मुलांनी आळीपाळीने लिहिल्या, असे तिनेच हसत सांगितले.

दिवाळीला चार दिवस उरले असताना तिने पितळी सोऱ्या काढला. त्याची फिरकी फिरवायची म्हणजे मनगट वळायला हवे, आणि वळणे हेच सर्वांत शेवटी येत होते. अर्धा फेरा झाला की ती थांबे, श्वास घेई, पुन्हा फिरवी. पहिली चकली अर्ध्यात तुटली. दुसरीचा आकार प्रश्नचिन्हासारखा. माझे हात शिवशिवत होते. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. चौथीच्या वर्गाकडे पाहते तसे.

मी समोरच्या पाटावर बसलो. हाताची घडी, तोंडावर बोट.

अकरावी चकली गोल आली.