स्पोर्ट बाइक : सोस आणि सोय

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, बालाघाटच्या परिसरात असलेल्या नांदूरघाटसारख्या गावात मोटारसायकलीने शेतावर जावे, बाजार आणावा, दुधाचे कॅन वाहावेत आणि डबलसीट तालुका गाठावा, एवढीच अपेक्षा असते. स्पोर्ट बाइक यांपैकी एकही काम धड करीत नाही आणि तरीही तिचा सोस सुटत नाही, कारण तिच्या खोडी आणि तिचा आनंद ही दोन्ही एकाच रचनेची फळे आहेत.

बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर बाजारात आणली आणि २०१५ मध्ये त्याच मालिकेत आरएस २०० ही पूर्ण फेअरिंगची, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी करणाऱ्या कवचाची, गाडी आली. तिच्या इंजिनाचे आकारमान १९९.५ सीसी असून ते ९७.२ सीसीच्या स्प्लेंडर या कामाच्या मोटारसायकलीच्या सुमारे दुप्पट भरते, पण ताकद मात्र साडेचोवीस अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे तिपटीच्या घरात जाते. हा फरक पडतो तो मुख्यतः इंजिन मिनिटाला साडेनऊ हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते म्हणून. त्यामुळे बाजारातल्या गर्दीत ते कुरकुरते आणि मोकळा रस्ता मिळताच खुलते. अधिक ज्वलनाने अधिक उष्णता निर्माण होते, ती काढण्यासाठी इंजिनाभोवती कूलंट हा द्रव खेळवावा लागतो, आणि मे महिन्यात गाडी जागेवर उभी राहिली की रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा चालकाच्या पायांना लागते.

बसण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. क्लिप-ऑन, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना दोन्ही बाजूंनी जोडलेले हँडल, चालकाला पुढे वाकवते. त्यामुळे पुढच्या चाकावर भार येऊन वळणावर पकड वाढते, मात्र प्रत्येक गतिरोधकाचा हिशेब मनगटांना चुकवावा लागतो. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या वळणांवर या रचनेचा अर्थ उमगतो, कारण वेगात असताना डावीकडे वळायचे तर डावी मूठ किंचित पुढे दाबावी लागते, चाक क्षणभर उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडे कलते. ही उलटी वाटणारी क्रिया अंगवळणी पडली की गाडी वळवावी लागत नाही, ती कलते.

या सुखाची किंमतही ठरलेली आहे : धुळीच्या रस्त्यांमुळे चेन वरचेवर साफ करून तिला वंगण द्यावे लागते, फेअरिंगला तडा गेला तर गल्लीतल्या मेकॅनिकचे काम वाढते, आणि तृतीय पक्ष विम्याचा हप्ता १५० ते ३५० सीसीच्या गटातला, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा जास्त, भरावा लागतो. म्हणूनच कामाची गाडी ज्या दारात आधीच उभी आहे, त्या घराला हा सोस सोसवतो. दूध स्प्लेंडरवरून जाते आणि घाटाची वाट आरएसकडे राहते.