कर्बोदकांचे ग्रॅम म्हणजे भाताचे ग्रॅम नव्हेत

दिवसाला 1500 कॅलरींचा आहार आणि त्यातला निम्मा वाटा कर्बोदकांचा (पिष्ट, साखर यांसारखे अन्नघटक), असे ठरले की अनेकजण निम्मे ताट भात-पोळीने भरतात. पण हा वाटा वजनाचा नसून ऊर्जेचा असतो. निम्म्या म्हणजे 750 कॅलरी. एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे 4 कॅलरी मिळतात, म्हणून 750 भागिले 4, साधारण 187 ग्रॅम. हे 187 ग्रॅम भाताचेही नव्हेत. दागिन्याचे वजन वेगळे, त्यातले शुद्ध सोने वेगळे, तसेच हे. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदके असतात. शिजताना तांदूळ पाणी पितो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या भातात ती जेमतेम 28 उरतात.

मग भात-पोळीच मोजली तर चालणार नाही का? नाही, कारण वाटीभर दुधात दहाएक ग्रॅम कर्बोदके असतात, डाळ आणि फळेही हिशेबात येतात, आणि चहातली साखर तर जवळपास निव्वळ कर्बोदकच. रोज तराजू घेऊन बसणे कंटाळवाणे, हा आक्षेप रास्त आहे. पण धान्य कच्चे असतानाच काही दिवस मोजले की आपल्या वाटीचा अंदाज बसतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र कर्बोदकांचा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.