सातबाऱ्यावर खातेदार, रानात बटईदार : मग शेतकरी नेमकं कुणाला म्हणायचं?

अतिवृष्टीची मदत जाहीर झाली की गावोगावी एकच वाद रंगतो. पीक बटईदाराचं वाहून गेलं, बी-खताचा खर्च त्याचा, अन् पैसे मात्र मालकाच्या खात्यावर जमा. मालक समजूतदार असेल तर त्यातले काही देतो, नसेल तर विषय तिथंच मिटतो. तलाठ्याकडं जावं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडी तलाठीच) तर ते विचारतात, "उताऱ्यावर तुमचं नाव कुठंय?" त्यांचंही चूक नाही. बोलण्यात शेतकरी म्हणजे शेत करणारा, सरकारी दप्तरात शेतकरी म्हणजे खातेदार. या दोन शब्दांच्या फटीत लाखो माणसं अडकलेली आहेत.

पीएम किसानचंच घ्या. वर्षाला 6000 रुपये, 2000 च्या तीन हप्त्यांत. ते जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला मिळतात. तेही 1 फेब्रुवारी 2019 च्या आधी जमीन नावावर झालेली असेल तर, त्यानंतरची नोंद फक्त वारसाची चालते. वीस वर्षं दुसऱ्याचं रान कसणाऱ्याला इथं जागाच नाही. अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक हे शब्दही जमीन असणाऱ्यांचेच: एक हेक्टरपर्यंत अत्यल्प, एक ते दोन हेक्टर अल्प. शून्य हेक्टरवाल्याला या यादीत नावच नाही. तो भूमिहीन.

आता रानातले शब्द बघू. मराठवाड्यात बटई, पश्चिम महाराष्ट्रात वाटा किंवा अर्धेल, विदर्भात कुठं ठोक्याने तर कुठं मक्त्याने. पण सगळ्यांचा अर्थ एक नाही, आणि गोंधळ इथंच होतो. बटईत किंवा वाट्यात पिकाची वाटणी होते. पाऊस पडला नाही तर दोघंही बुडतात. खंड, ठोका, मक्ता यांत रक्कम आधीच ठरते. पीक येवो न येवो, मालकाचे पैसे पक्के अन् जोखीम कसणाऱ्याच्या गळ्यात. गारपीट झाली तर खंडाने घेतलेला माणूस दुहेरी मरतो. पीकही गेलं अन् खंडही गेला.

(नगर जिल्ह्यात मात्र 'खंडकरी शेतकरी' म्हटलं की उलटंच समजायचं. तिथले खंडकरी म्हणजे ज्यांनी आपल्या जमिनी खासगी साखर कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या ते मूळ मालक. पुढं कमाल जमीन धारणा कायद्यात त्या जमिनी गेल्या, शेती महामंडळाकडं आल्या, आणि परत मिळवायला पिढ्या खपल्या.)

सगळ्यात वजनदार शब्द म्हणजे कुळ. कोकणात या शब्दासाठी रक्त आटलंय. अलिबागजवळच्या चरी गावात खोतांविरुद्ध कुळांनी 1933 पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. पुढं 1948 चा मुंबई कुळवहिवाट कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कुळ कायद्यानं तिचा मालक मानलं गेलं. विदर्भ आणि मराठवाड्याला त्यांचे वेगळे कुळकायदे होते. आजही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कुळाचं नाव दिसलं तर जमीन घेणारा दोन पावलं मागं सरकतो.

बटईचं कागदावर का येत नाही, याचं उत्तर या कायद्यातच आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कुळ मानला जातो. अपवाद कोण? मालकाच्या घरातला माणूस, गहाणात ताबा घेतलेला, मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूर, आणि रोख किंवा वस्तूच्या रूपात पगार घेणारा नोकर. पण त्यात एक अट आहे: तो पगार पिकाच्या वाट्याच्या रूपात नको. म्हणजे वर्षाला दहा पोती ज्वारी ठरवून घेतली तर तो नोकर, आणि निम्मी ज्वारी घेतली तर प्रश्न उभा राहतो. म्हणूनच बटईदाराला चारचौघांत "आमचा गडी" म्हणून ओळख करून देणारे मालक दिसतात. ते नेहमी प्रेमापोटी असतंच असं नाही. कुळ लागेल या धास्तीनं तोंडी व्यवहार होतात, दर दोन वर्षांनी बटईदार बदलले जातात, काही जण रान पडीक ठेवतात. प्रत्यक्षात कुळाचा दावा आता सोपा नाही, तहसीलदारापुढं पुरावे लागतात. पण धास्तीला पुरावा लागत नाही.

याचा फटका विम्याला बसतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत भाडेपट्ट्याने किंवा वाट्याने शेती करणाऱ्यालाही भाग घेता येतो, दार बंद नाही. पण आपल्याकडं त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो होतो दुय्यम निबंधक कार्यालयात. शंभराच्या स्टॅम्पवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या म्हणजे करार नोंदला, असं समजू नका.

सालगडी, म्हणजे खानदेशातला सालदार, हा आणखी वेगळा. त्याला पिकाचा वाटा नसतो, वर्षाची रक्कम ठरते. मराठवाडा-विदर्भात गुढीपाडव्याला साल बदलतं, खानदेशात आखाजीला. उचल घ्यायची आणि वर्षभर फेडायची, हा रिवाज. उचल घेणं गुन्हा नाही. पण उचल फिटली नाही म्हणून गड्याला डांबून ठेवणं, दुसरीकडं कामाला जाऊ न देणं ही वेठबिगारी, आणि ती 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते.

रोजंदारी अन् उक्तं (मराठवाड्यात गुत्तं) यातला फरक बायांना विचारा, त्या नेमका सांगतील. रोजंदारीत दिवस मोजतात, गुत्त्यात एकर. ऊसतोडीत तर माणूसच मोजत नाहीत, कोयता मोजतात: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. या हिशोबात बाईचं वेगळं नाव कुठंच उरत नाही.

जनगणनेची गंमत बघा. खंडाने किंवा वाट्याने रान घेऊन कसणाऱ्याला जनगणना 'शेतकरी' धरते. म्हणजे दिल्लीच्या मोजणीत तो शेतकरी आणि गावच्या चावडीत कुणीच नाही. 2011 च्या मोजणीत देशात शेतकरी 11.87 कोटी आणि शेतमजूर 14.43 कोटी निघाले. त्याआधीच्या, 2001 च्या मोजणीत शेतकरी जास्त होते.

ज्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, त्यांच्यासाठी ई-श्रम नोंदणी आहे. वय 16 ते 59, शेतमजूर आणि वाटेकरीही चालतात. आधार, बँक खातं आणि मोबाईल नंबर एवढंच लागतं, सातबारा नाही. ज्या घरात जमीन आहे पण सगळी नवऱ्याच्याच नावावर, तिथं लक्ष्मी मुक्ती योजनेत त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. अर्ज नवऱ्यानं करायचा, तलाठ्याकडं.