पाळक येईपर्यंत
नांदेड-लातूरच्या विखुरलेल्या ख्रिस्ती मंडळीविषयी

वडिलांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात घडी घातलेली एक चिठ्ठी अजून आहे. जालन्याच्या पाळकांनी ती दिली होती. हे कुटुंब आमच्या मंडळीचे सभासद आहे, रेल्वेतील बदलीमुळे नांदेडला जात आहे, तरी तेथील मंडळीने त्यांना सामावून घ्यावे, असा तिचा मजकूर. आमच्या पंथाचा राहता पाळक तेव्हा नांदेडात नव्हता. चिठ्ठी द्यायची कोणाला? ती पुस्तकातच राहिली.

आमची मंडळी कशी पांगली, हे समजायला ही चिठ्ठी मला पुरेशी वाटते. मिशनच्या शाळांत शिकलेली माणसे मास्तर झाली, परिचारिका झाली, रेल्वेत लागली, आणि या तिन्ही नोकऱ्या बदलीच्या. एका गावी चार घरे, दुसऱ्या गावी दोन. लातूरला माझी आत्या. तिचे सासर बिदरकडचे, मेथडिस्ट.

इथे चर्चच्या कारभाराविषयी थोडे सांगायला हवे. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपच्या देखरेखीखाली चालणारे चर्च. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच देखरेख करणारा. मराठी बायबलात त्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द आला आहे. इंग्रज अमदानीतील अँग्लिकन चर्च या पद्धतीचे. मुंबईचा धर्मप्रांत 1837 साली झाला आणि त्यातून नाशिकचा 1929 साली निघाला. फिलिप लॉइड हे त्याचे पहिले बिशप. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटीचे काम पारशी घराण्यातून आलेल्या रतनजी नवरोजी यांनी उभे केले, तेही याच परंपरेतले.

जालना मात्र वेगळे. तिथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळींत बिशप नसतो. पाळक आणि वडील यांच्या सभा कारभार पाहतात. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चे एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले आणि माझ्या आजोबांना उतारवयात पहिल्यांदा बिशप मिळाला. त्यांना तो फारसा रुचला नसावा. ‘साहेब गेले, बिशप आले’ एवढेच ते म्हणत. अमेरिकी मेथडिस्ट एपिस्कोपल परंपरेचे चर्च आयत्या वेळी या ऐक्यातून बाहेर राहिले. 1981 पासून ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ आहे. त्यामुळे आत्याचा बिशप वेगळा, आमचा वेगळा. नाताळच्या करंज्या मात्र एकाच घरी तळल्या जात.

पाळक नसलेल्या गावी रविवार कसा होई? कोणाच्या तरी घरी सतरंजी अंथरायची, ‘उपासना संगीत’ उघडायचे, वडील बायबलातला भाग वाचत, एखादी मावशी प्रार्थना करी. नारायण वामन टिळकांची भजने म्हणायला ऑर्गन लागत नाही, टाळ-पेटी पुरते. 1842 साली अहमदनगरला निघालेला ‘ज्ञानोदय’ टपालाने येई. कुठल्या गावी कोण वारले, कुठे नवा पाळक आला, हे त्यातून कळे. तो अंक चारही घरांत फिरून शेवटी आमच्याकडे परत येई तेव्हा त्याला हळदीचे डाग पडलेले असत.

तरी आमच्या पद्धतीत काही गोष्टी घरच्या घरी होत नाहीत. प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकच चालवतो. कन्फर्मेशनसाठी मस्तकावर हात ठेवायला बिशप लागतो. लग्न ठरले की त्याची जाहीर सूचना तीन रविवार मंडळीपुढे वाचली जाते. वधू-वर दोन गावचे असले तर दोन्हीकडे. म्हणजे कोणीतरी यावे लागते, कोणालातरी जावे लागते, पत्र टाकावे लागते. मला वाटते, आमचे एकमेकांशी असलेले नाते याच अडचणीने टिकवले. प्रार्थनेला चार घरे पुरली असती. प्रभुभोजनासाठी मात्र पाळकाची वाट पाहावी लागे, आणि तो आला की आसपासच्या गावांतली माणसे गोळा होत. कन्फर्मेशनला तर मुले चार-चार वर्षे थांबत. बिशप येतील तेव्हा बारा वर्षांचे आणि सोळा वर्षांचे पोर एकाच रांगेत गुडघे टेकी.

येणे सोपे नव्हते. मनमाड-हैदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला, तो मीटरगेज. लातूरला 1911 मध्ये पोचली ती बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. विकाराबाद-परळी ब्रॉडगेज, पण तिचे ‘लातूर रोड’ स्टेशन लातूरपासून दूर. एकाच मराठवाड्यात रुळांच्या तीन रुंद्या! नांदेडहून आत्याकडे जायचे तर आम्ही शेवटी एस.टी.च पकडत असू. अशा प्रवासात पाळकसाहेबांच्या पिशवीत द्राक्षरसाची बाटली, झगा आणि नोंदवही असे.

या नोंदवहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. दलित समाजातून आलेल्या काही कुटुंबांनी त्यामुळे चर्चच्या वहीत नाव घालायचे टाळले. रविवारी ती सतरंजीवर आमच्या शेजारी बसत, पण मंडळीच्या यादीत नसत. त्यांना कमी श्रद्धेचे ठरवणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही. मुलाची शिष्यवृत्ती जाणार असेल तर कोण सही करील?

आता मराठवाड्याचा वेगळा धर्मप्रांत आहे, रस्ते बरे आहेत, आणि 2020 च्या टाळेबंदीत आम्ही फोनवर एकत्र आलो. पुणे, लातूर, दुबई, सगळे एका पडद्यावर. प्रार्थना झाली, भजनही झाले, जरी प्रत्येकाचा ताल अर्ध्या मात्रेने मागे. प्रभुभोजनाचा प्रश्न आला तेव्हा अडले. आपापल्या घरी ठेवलेली भाकर आणि रस, त्यावर पाळकाने दूरून म्हटलेली प्रार्थना चालेल का? जगभरच्या चर्चांत यावर वाद झाला. आमच्या पाळकांनी नाही म्हटले. त्या दिवशी मी चिडलो होतो. आज तितका चिडत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाचीचे लग्न ठरले. मुलाकडच्या चर्चने तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. बाप्तिस्मा आमच्या नांदेडच्या घरी झाला होता, पितळी घंगाळात. पण कोणत्या वहीत नोंदला हे कोणालाच आठवेना. तो विधी करणारे पाळक वारले होते. मी त्यांनी सेवा केलेल्या मंडळ्यांतून फिरलो. तिसऱ्या ठिकाणी कपाटातून कसरीने खाल्लेली एक वही निघाली. वर्ष जुळले, तारीख जुळली. आईवडिलांची नावे निळ्या शाईत होती, आणि ठिकाणाच्या रकान्यात लिहिले होते : नांदेड, रेल्वे क्वार्टर, आठ माणसे हजर.